कोंबडी होती, दुकानं होती, मधला दुवा बदलला: केएफसी, ब्रिटन, फेब्रुवारी २०१८

फेब्रुवारी २०१८ च्या तिसऱ्या आठवड्यात ब्रिटनमधल्या सुमारे नऊशे केएफसी दुकानांपैकी निम्म्याहून जास्त बंद होती. कारण एकच, चिकन आलेलं नाही. लोक इतके वैतागले की लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागातल्या पोलिसांना ट्विटरवर सांगावं लागलं, केएफसी बंद असणं ही पोलिसांकडे तक्रार करायची बाब नाही. देशात कोंबड्यांचा तुटवडा नव्हता. पोल्ट्रीवाले माल द्यायला तयार होते आणि गिऱ्हाईक दारात उभं होतं. बदलला होता तो फक्त गोदामातून दुकानापर्यंत माल पोचवणारा ठेकेदार.

हे प्रकरण बहुतेक ठिकाणी सांगितलं जातं ते त्यानंतरच्या माफीनाम्यासाठी. २३ फेब्रुवारीला ‘द सन’ आणि ‘मेट्रो’ या वर्तमानपत्रांत कंपनीने पानभर जाहिरात दिली. रिकामी बादली, तिच्यावर कंपनीच्या नावातली तीन अक्षरं उलटसुलट करून छापलेली आणि खाली सरळ शब्दांत माफी. जाहिरात उत्तम होती, तिचं कौतुक व्हायलाच हवं. पण जाहिरातीच्या गुणगानात मूळ प्रश्न झाकला गेला याची मला खंत वाटते. हे प्रकरण खरेदी विभागाचं आहे. पुरवठादार कसा निवडावा, आणि निवडल्यावर जुन्याकडून नव्याकडे कसं जावं, हे शिकायला याच्याइतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं. म्हणून ते इथे खरेदीच्या टेबलावरून मांडतो आहे.

निर्णय काय होता

फेब्रुवारी २०१८ च्या मध्यापर्यंत ब्रिटनमधल्या केएफसीचा माल बिडवेस्ट लॉजिस्टिक्स ही कंपनी पोचवत असे. उपाहारगृहांना माल पुरवणं हेच तिचं मुख्य काम, आणि त्यासाठी तिची देशभर सहा गोदामं होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीर झालं की हे काम आता डीएचएल आणि क्विक सर्व्हिस लॉजिस्टिक्स, म्हणजे क्यूएसएल, या दोघांकडे जाणार. गोदाम आणि गाड्या डीएचएलच्या, मालाचं नियोजन आणि त्याची संगणक यंत्रणा क्यूएसएलची. ताज्या मालाच्या वाहतुकीत नवा मापदंड घालून देऊ, नवं तंत्र आणू, प्रदूषण कमी करू, असं त्या वेळी सांगण्यात आलं. जीएमबी या कामगार संघटनेचं म्हणणं वेगळं होतं. हा बदल पैसे वाचवण्यासाठी आहे, अनुभवी माणसं सोडून कंपनी धोका पत्करते आहे, असा इशारा तिने दिला होता. बिडवेस्टचं एक आगार बंद झालं आणि २५५ जणांची नोकरी गेली, हाही तिचाच आकडा.

नव्या व्यवस्थेत सहा गोदामांच्या जागी एकच राहिलं. ते रग्बी या गावात.

इथे घाईने हसू नये. रग्बीची निवड कागदावर चुकीची नव्हती. इंग्लंडच्या मध्यभागातल्या त्या पट्ट्यात मोठमोठ्या कंपन्यांची गोदामं दाटीवाटीने उभी आहेत, कारण तिथून चार तासांच्या आत ब्रिटनच्या बहुतांश लोकसंख्येपर्यंत ट्रक पोचतो. साठा एकत्र ठेवण्याचे फायदेही खरे आहेत. सहा ठिकाणी प्रत्येकी थोडा जादा माल राखण्यापेक्षा एका ठिकाणी राखला तर एकूण साठा कमी लागतो. एका भागात विक्री वाढली आणि दुसऱ्या भागात घटली तर दोन्ही एकमेकांना सांभाळून घेतात. भाडं, वीज, देखरेख, सगळं एकदाच. कोणत्याही कम्पॅरेटिव्ह शीटमध्ये, म्हणजे पर्यायांची शेजारी-शेजारी तुलना करणाऱ्या तक्त्यात, ही व्यवस्था वरचढ दिसली असती.

पण साठा एकत्र केला की धोकाही एकत्र येतो, आणि त्याला शीटमध्ये रकाना नसतो. सहा गोदामांपैकी एकाचा रस्ता तुंबला तर साधारण सहावा हिस्सा दुकानं अडचणीत येतात, आणि शेजारच्या गोदामातून तात्पुरती सोय करता येते. एकाच गोदामाचा रस्ता तुंबला तर शेजारी कुणी उरतच नाही.

१४ फेब्रुवारी

नवा करार १४ फेब्रुवारी २०१८ ला सुरू झाला. त्याच दिवशी पहाटे रग्बीजवळून जाणाऱ्या एम-६ महामार्गावर मोठे अपघात झाले आणि रस्ता तुंबला. ट्रक बाहेर पडायला उशीर, परतायला उशीर. नंतर या अपघातांचा उल्लेख कारण म्हणून बराच झाला. माझ्या मते ते निमित्त होतं. महामार्गावर अपघात होणं ही ब्रिटनमध्ये काय किंवा पुणे-मुंबई रस्त्यावर काय, वर्षातून अनेकदा घडणारी गोष्ट आहे. तिने एक दिवस खराब होऊ शकतो. आठवडा खराब होतो तो आतल्या कारणांनी. डीएचएलनेही आपल्या निवेदनात कामकाजातल्या अडचणींमुळे डिलिव्हरी अपुऱ्या किंवा उशिरा होत असल्याचं मान्य केलं.

आतलं गणित कसं बिघडतं ते जरा जवळून पाहू. फास्ट फूडच्या एका दुकानाला जाणाऱ्या गाडीत तीन तापमानांचा माल असतो: गोठवलेले फ्राइज, थंड ठेवलेलं ताजं चिकन, आणि साधं सामान, म्हणजे खोके, तेल, सॉसच्या पुड्या. प्रत्येक दुकानाची ऑर्डर वेगळी, उतरवायची वेळ वेगळी, मागचं दार वेगळं. काही ठिकाणी गाडी सकाळी सातच्या आतच आत शिरते, काही ठिकाणी गल्ली इतकी अरुंद की मोठी गाडी वळत नाही. ही माहिती सॉफ्टवेअरमध्ये निम्मी असते, उरलेली निम्मी ड्रायव्हर आणि डिस्पॅचवाल्याच्या डोक्यात. ठेकेदार बदलला की सॉफ्टवेअरची फाइल हस्तांतरित होते. डोकी जुन्या कंपनीतच राहतात किंवा घरी जातात.

आता पहिल्या दिवशी गोदामात ऑर्डरप्रमाणे माल काढणं आणि गाड्या भरणं ठरल्यापेक्षा वीस टक्के हळू चाललं असं समजा. नव्या जागी नव्या माणसांकडून एवढं होतंच. संध्याकाळी वीस टक्के ऑर्डरी उरल्या. दुसऱ्या दिवशी नवा माल दाराशी आला, कारण पोल्ट्रीची साखळी थांबत नाही. आत कालचा माल पडून, बाहेर आजच्या गाड्या रांगेत, आणि ज्या गाड्यांनी माल न्यायचा त्या कालच्या उशिरामुळे परतलेल्या नाहीत. ब्रिटनमध्ये ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास थांबावंच लागतं, आणि दिवसाचे चालवण्याचे तासही ठरलेले असतात. त्यामुळे जास्त पळवून उशीर भरून काढता येत नाही. खिळ्यांचं किंवा कपड्यांचं गोदाम असतं तर तुंबलेला माल आठवडाभर तसाच राहिला असता. ताज्या चिकनचं आयुष्य मोजक्या दिवसांचं. केएफसी तिथे गोठवलेलं नाही, ताजं चिकन वापरते, हा तिच्या जाहिरातीतला अभिमानाचा मुद्दा, आणि तोच इथे सर्वांत नाजूक ठरला. तुंबलेला माल फक्त उशिरा जात नाही, तो बाद होतो. मग दुकानाला परत पूर्ण ऑर्डर लागते, म्हणजे गोदामावरचा भार आणखी वाढतो.

अशा चक्रात सापडलेल्या गोदामाला बाहेर पडायला एकच मार्ग असतो: काही दिवस मागणी कमी करणं. केएफसीने तेच केलं. काही दुकानं बंद ठेवली, काही मोजक्या पदार्थांवर किंवा कमी तासांवर चालवली. परिस्थिती हळूहळू सुधारली. महिनाअखेरीस बहुतेक दुकानं उघडली तेव्हा ग्रेव्ही संपल्याची बातमी आली. म्हणजे चिकनचा प्रवाह सुरू झाला तरी बाकीच्या मालाची घडी बसली नव्हती.

‘कोण’ आणि ‘कसं’

पुरवठादार निवडताना आपली सगळी ताकद ‘कोण’ या प्रश्नावर खर्च होते. कोटेशन मागवा, तांत्रिक छाननी करा, दोन फेऱ्या निगोसिएशन, एमडींची सही. ‘कसं जायचं’ हा प्रश्न पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, निघाल्यानंतर स्टोअरवाल्यांच्या गळ्यात पडतो. या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे. डीएचएल ही काही नवखी कंपनी नव्हती, जगातल्या सर्वांत मोठ्या लॉजिस्टिक्स कंपन्यांपैकी ती एक. तिला निवडणं हा गुन्हा नव्हता. नवं गोदाम, नवी यंत्रणा, नवी माणसं आणि एकमेकांबरोबर काम करणारे दोन नवे भागीदार, हे सगळं एकाच दिवशी जवळजवळ सबंध देशासाठी सुरू करणं, हा खरा निर्णय होता. त्याची किंमत कुणी काढलेली दिसत नाही.

ती किंमत काढता येते. समजा, तुमच्या कंपनीचा गोदाम आणि वाहतुकीचा खर्च वर्षाला दहा कोटी आहे. नवा वेंडर आठ टक्के स्वस्त पडतो, म्हणजे वर्षाला ऐंशी लाख वाचतात. रोजची विक्री चाळीस लाख आणि विक्री बुडाली की त्यातले निम्मे, वीस लाख, थेट नुकसान. चार दिवस दुकानं बंद राहिली की ऐंशी लाख गेले, वर्षभराची बचत संपली. आता दुसरा मार्ग बघा. पहिले दोन महिने निम्मी दुकानं जुन्या वेंडरकडेच ठेवली. त्या दोन महिन्यांत निम्म्या कामावरची आठ टक्के बचत सोडावी लागते, ती होते सुमारे पावणेसात लाख. जुना वेंडर जाता जाता दर वाढवून मागेल, दोन यंत्रणा सांभाळायचा खर्च येईल, त्यासाठी आणखी दहा लाख धरा. एकूण सतरा लाखांच्या आत. एक दिवस दुकानं बंद राहण्यापेक्षाही कमी. हे आकडे मी समजण्यापुरते घेतले आहेत, पण तुमचे खरे आकडे घालून अर्ध्या तासात हीच शीट बनते. वरिष्ठांपुढे ‘धोका आहे’ असं म्हणण्यापेक्षा हा कागद ठेवला तर तो वाचला जातो.

आपल्याकडच्या एल-वन पद्धतीचा इथे संबंध येतोच. सर्वांत कमी दरवाल्याला काम, हा नियम सरकारी खरेदीतून आला आणि खाजगी कारखान्यांच्या हाडात मुरला. त्याचं मूळ कारण चांगलं आहे: दर हा एकच आकडा असा आहे की ज्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही, ऑडिटवालाही नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये काही प्रकारच्या कामांसाठी आणि सेवांसाठी दराबरोबर गुणवत्तेलाही गुण देण्याची वाट मोकळी केली, पण बिगर-आर्थिक निकषांना जास्तीत जास्त तीस टक्के भार, अशी मर्यादा घालून. सावधगिरी समजण्यासारखी आहे. खाजगी कंपनीला मात्र अशी मर्यादा कुणी घातलेली नाही. तरीही चाकण-भोसरीच्या अनेक खरेदी विभागांत गुणवत्तेचे गुण आधी एल-वन ठरवून मग त्याला बसतील असे भरले जातात. हे थांबायला हवं. भार कोणत्या निकषाला किती, हे दरांचे लिफाफे उघडायच्या आधी लिहून, सही करून ठेवलं तर निम्मा प्रश्न सुटतो.

संदर्भ कुणाचा घ्यायचा

जीएमबीने त्या दिवसांत एक गोष्ट लक्षात आणून दिली. काही वर्षांपूर्वी बर्गर किंगनेही आपलं काम बिडवेस्टकडून डीएचएलकडे नेलं होतं, आणि सहा महिन्यांत ती परत बिडवेस्टकडे आली होती. संघटनेचा यात पक्ष आहे हे मान्य. पण ही माहिती खरेदी विभागाच्या फाइलमध्ये असायलाच हवी होती, मग निर्णय तोच राहिला असता तरी.

वेंडर रजिस्ट्रेशनच्या फॉर्ममध्ये आपण संदर्भ मागतो तेव्हा वेंडर आपल्या खूश ग्राहकांची यादी देतो. त्यांना फोन केला की ‘सर्व्हिस छान आहे’ हे उत्तर ठरलेलं. खरी माहिती त्यांच्याकडे असते जे सोडून गेले. गेल्या पाच वर्षांत कुणी काम काढून घेतलं, का, आणि बदलाच्या काळात काय झालं, एवढे तीन प्रश्न विचारायचे. वेंडर नावं सांगणार नाही, पण धंदा लहान असतो. ट्रान्सपोर्टरला, गोदामाच्या मालकाला विचारलं तरी कळतं. मी सोडून गेलेल्या एका ग्राहकाशी झालेल्या बोलण्याला दहा प्रशस्तिपत्रांहून जास्त वजन देतो.

नुकसान कुणाचं झालं

ब्रिटनमधली सुमारे ऐंशी टक्के केएफसी दुकानं फ्रँचायझी मालकांची, म्हणजे कंपनीचं नाव घेऊन स्वतःचं दुकान चालवणाऱ्यांची, होती. ठेकेदार कोण हे वर ठरलं, गल्ला रिकामा राहिला तो खाली. कंपनीच्या स्वतःच्या दुकानांत तासावर काम करणाऱ्यांना मागच्या बारा आठवड्यांच्या सरासरीने पगार देण्याचं कंपनीने जाहीर केलं. ते योग्यच होतं. फ्रँचायझीवाल्यांना मात्र तसंच करा असा आग्रहच करता येत होता. बंद दुकानाचं भाडं, पगार, फुकट गेलेलं तेल आणि कोलस्लॉ, हे सोसणारा माणूस त्या करारावर सही करणारा नव्हता.

मोठ्या साखळ्यांमध्ये हे सगळीकडे दिसतं, आणि माझ्या लेखी ही यातली सर्वांत गंभीर बाब आहे. जो ठरवतो त्याच्या कामगिरीच्या तक्त्यात ‘खर्चात बचत’ असते. जो भोगतो त्याच्या तक्त्यात विक्री असते. दोघांचे तक्ते वेगळे असले की बचतीचा निर्णय नेहमी स्वस्त वाटतो. यावरचा उपाय महागडा नाही. निवड समितीत माल घेणाऱ्यांपैकी दोन-तीन जण बसवायचे: दुकानाचे मालक असोत, लाइनचे सुपरवायझर असोत की हॉस्पिटलच्या खरेदीत वॉर्डच्या सिस्टर असोत. त्यांना दरावर मत द्यायला सांगू नये. फक्त एवढंच विचारावं: हा पुरवठा तीन दिवस आला नाही तर तुमच्याकडे काय होईल, आणि तुम्ही काय कराल? त्यांचं उत्तर बदलाच्या वेळापत्रकाला जोडावं.

परत बिडवेस्टकडे

८ मार्च २०१८ ला बातमी आली की ब्रिटनच्या उत्तर भागातल्या ३५० पर्यंत दुकानांचं काम बिडवेस्टला परत मिळालं. करार सुरू होऊन महिनाही उलटला नव्हता. नकाशा पाहिला तर ही विभागणी स्वाभाविक वाटते: रग्बीपासून लांबची दुकानं एका ठेकेदाराकडे, बाकीची दुसऱ्याकडे. ऑक्टोबरमध्येच ही रचना निवडता आली असती. दोन्ही ठेकेदार एकमेकांच्या दरावर आणि कामावर लगाम ठेवत राहिले असते, आणि डीएचएलला आपलं गोदाम जवळच्या, सोप्या भागात घडी बसेपर्यंत चालवून पाहता आलं असतं.

मार्चमध्ये हीच रचना स्वीकारताना खरेदीदाराच्या हातात मात्र फारसं काही उरलेलं नसतं. ज्या वेंडरला काही महिन्यांपूर्वी निरोप दिला, ज्याने आपली माणसं कमी केली, त्याच्याच दारी जायचं आणि तेही वर्तमानपत्रांत बातम्या छापून आलेल्या असताना. अशा वेळी दर कोण ठरवतं हे सांगायला नको. म्हणून जुना करार संपवताना दोन कलमं आधीच घालून ठेवावीत: नव्या व्यवस्थेनंतर किमान साठ दिवस ठरल्या दराने काही टक्के काम करण्याची जुन्या वेंडरची तयारी, आणि त्या काळात त्या कामावरची माणसं न काढण्याची हमी. त्यासाठी थोडे पैसे मोजावे लागतात, आणि ते जुना करार हातात असताना मागितले तरच मिळतात. बहुतेक कंपन्या ही कलमं शेवटच्या आठवड्यात आठवतात, तोवर समोरच्याला आपली गरज उरलेली नसते.